ट्रॅक्टरचं दूषित रक्त

अयोध्यामामीच्या हृदयाचं ऑपरेशन सोलापूरला व्यवस्थित पार पडलं. पण गोष्टीत हे पहिल्याच ओळीत सांगायचं नसतं. तेव्हा ते झालंच नाही, मामी अजून समाजमंदिरासमोर पाटावर बसली आहे आणि भोवती गाव लोटलंय, असं धरून चालू.

मामीसमोर शिवानंद महाराज उभे होते. गाव कुठलं ते कुणालाच माहीत नाही, पण गाडीला एसी. त्यांनी मामीच्या छातीवर पिवळं फडकं धरलं.

"हृदयाची झडप कशानं अडकली? दूषित रक्तानं! डॉक्टर छाती फाडतो, आमी टिपून घेतो. भूल न्हाय, टाका न्हाय, आन् डिस्चार्ज लगेच!"

त्यांनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. येरमाळ्याच्या यात्रेत येडाई देवीसाठी वेचतात ती चुनखडी तीर्थात आहे, असं महाराजांनी आधीच सांगितलेलं. मग पाणी पांढुरकं का, हे विचारणार कोण? फडकं लालभडक झालं. बायका हात जोडून रडायला लागल्या.

हे सगळं मोबाईलवर टिपत होता मामीचा भाचा कुलदीप. धंदा लग्नाच्या शूटिंगचा. महाराजांना त्यानंच बोलावलं होतं.

त्याचं असं झालं. सरकारी योजनेत मामीचा आजार बसत होता, पण रेशनकार्डावर नाव चुकलेली मामी बसत नव्हती. म्हणून कुलदीपनं ऑनलाइन मदतीचं आवाहन टाकलं. लोकांनी भरभरून जोडलेले हात पाठवले. पैसे पाठवायला कुणाचा हात मोकळा नव्हता. तेव्हा त्याला वाटलं, आधी चमत्कार दाखवू, लोक बघायला थांबतील, मग मदत मागू.

व्हिडिओ कापताना त्याला दिसलं की महाराज गर्दीकडं पाठ करून पानाच्या चुन्याची डबी तांब्यात खरवडतायत. कुलदीपनं तेवढा तुकडा काढून टाकला. नवरदेवाची जांभई काढतात, तसा.

व्हिडिओ पार नांदेडपर्यंत गेला. मदत सुरू झाली आणि लगेच थांबलीही. लोक विचारायला लागले, 'ताई बऱ्या झाल्या ना? मग पैसे कशाला?' प्रश्न बिनतोड होता.

मामीचंही तेच म्हणणं. "ऑपरेशन कशाला रं? घाण निघाली की. गोळ्या बी सोडल्या म्या." एवढं बोलताना तिला चौकट धरावी लागली. कुलदीपच्या पुढ्यातली भाकरी तशीच राहिली. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या सुटल्या तर ऑपरेशनलाही उशीर होईल. कायमचा.

महाराजांची पुढची बैठक भरली. रांगेत आता परगावचेही होते. कुलदीप हळदीत बुडवून वाळवलेलं फडकं घेऊन आला आणि ते शेजारच्या बलभीममामाच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अंथरलं. मग सरळ महाराजांचा तांब्या उचलला.

"ए! तीर्थाला हात लावू नगंस!"

"महाराज, ट्रॅक्टरला चढाला धाप लागती. बघू तर."

शिंपडलं. बॉनेट लालभडक.

रांग मोडून सगळे ट्रॅक्टरभोवती जमले. मग म्हाताऱ्या तुळजाबाई म्हणाल्या, "आगं बया! ह्याला बी झडप असती व्हय?"

"असती की," बलभीममामा म्हणाले, "पर त्यात रक्त न्हाय, डिझेल असतंय."

"आज्जी, फडक्यात हळद हाय आन् तांब्यात चुना," कुलदीप म्हणाला. "हळदीला चुना लागला की लाल होतंय. माणूस असू द्या न्हायतर ट्रॅक्टर. लग्नात हळदीची कापडं साबण लावून धुताना..."

"लाल व्हत्यात," मामी हळूच म्हणाली. उभ्या भावकीची तिनं धुतली होती.

"नास्तिकानं तीर्थ बाटवलं!" म्हणत महाराज गाडीकडं निघाले. पण ट्रॅक्टर नेमका गाडीला आडवा होता आणि कुलदीपनं बोलावलेले पोलीस येईपर्यंत मामांना किल्ली सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

मामीनं कुलदीपला जवळ बोलावलं.

"तुला कवापासनं म्हाईत?"

"व्हिडिओ कापला तवापासनं."

"आन् म्या गोळ्या सोडल्या, ते?"

"ते बी."

मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "पाणी दे. गोळी घ्यायची हाय."

कुलदीपनं कापलेला तुकडा आणि ट्रॅक्टरचा व्हिडिओ, दोन्ही ऑनलाइन टाकलं. खाली लिहिलं: फसवून घेतलेले पैसे ज्यांना परत हवेत त्यांनी मागावेत. रंग बदलला म्हणजे रोग गेला असं नसतं. रोग गेला का, हे डॉक्टरला विचारा. काहींनी पैसे परत मागितले. बरेच गप्प राहिले. एकानं वर आणखी पाठवले, 'ट्रॅक्टरच्या प्रकृतीसाठी'. त्या सगळ्यातून मामीचं ऑपरेशन झालं.

पण पहिला व्हिडिओ अजून फिरतोय. काल परभणीहून एका बाईंचा फोन आला: "दादा, महाराजांचा पत्ता द्या. वडलांच्या गोळ्या बंदच केल्यात." कुलदीप त्यांच्याशी तासभर बोलला. मग तहसील कचेरीत अर्ज देऊन आला:

"प्रति, मा. तहसीलदारसाहेब. विषय: व्हिडिओ परत मिळणेबाबत. अर्जदार विनंती करतो की, सदर व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांच्या मोबाईलमधून व डोक्यातून तो आपल्या स्तरावरून जमा करून घ्यावा, आणि तो पाहून ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांच्या त्या गोळ्या सोडल्या तारखेपासून चालू समजण्यात याव्यात."