पोचल्याच्या दोन रिंगा

आमचा कॉम्प्युटर झोपत नव्हता आणि त्यापायी माझी झोप उडाली होती.

२००४ सालची गोष्ट. मी दत्तात्रेय, भूमितीचा निवृत्त मास्तर. दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचो. संध्याकाळी सातला डाव अर्धा टाकून भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारायला निघायचो, तेव्हा मशीन बंद न करता ‘स्टँडबाय’वर झोपवायचो, म्हणजे डाव तसाच राहतो. परत येऊन बघावं तर पडदा लख्ख उजळलेला. मी निजवावं आणि त्यानं उठून बसावं. रोज!

“उमा, तू हात लावतेस काय गो याला?”

उत्तर नाही. पुन्हा ओरडून विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “मला काय करायचंय त्याचं?”

हल्ली बायकोला सगळं दोनदा विचारावं लागे. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, “तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.” पस्तीस वर्षं वर्गात घसा फोडलेल्या माणसाला हे ऐकवायचं!

आमची लेक भार्गवी ठाण्याला नोकरीला. साडेसातच्या सुमारास खोलीवर पोचली की घरच्या फोनवर दोन रिंगा द्यायची आणि ठेवायची. आम्ही फोन उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचले. त्या आल्याशिवाय उमाच्या घशाखाली घास उतरत नसे. मी फिरून आलो की ती दारातच सांगे, “पोचली हो.” मग पानं घ्यायची.

तर मशीन. माऊस काढून बघितला, पंखा बंद ठेवून बघितला, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. शेजारच्या भागोजीनं तर नारळ ठेवून जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायला सुचवलं. शेवटी कॉम्प्युटर क्लासच्या मनस्विनीला बोलावलं.

ती सकाळी आली. तिनं मशीन झोपवलं आणि मागच्या वायरी बघत असतानाच फोन वाजला. राँग नंबर होता. पण इकडे पडदा उजळला.

मनस्विनी हसायलाच लागली. “काका, फोन वाजला की हा उठतो. इंटरनेटसाठी फोनची वायर यात घातलीय ना, म्हणून.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिनं आत कुठल्याशा चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली.

उमा दारात उभी होती. जरा जवळ येऊन तिनं विचारलं, “म्हणजे आता फोन वाजला तरी उठणार नाही?”

“नाही काकू, अजिबात नाही.”

“बरं झालं,” असं म्हणून उमा आत गेली.

त्या संध्याकाळी मी परतलो तर पडदा काळाकुट्ट. मी खूश! पण उमा फोन मांडीवर घेऊन बसली होती, चेहरा उतरलेला.

“पोचली नाही हो अजून. आठ वाजून गेले.”

मी भार्गवीला फोन लावला. “बाबा, केव्हाच दिल्या की दोन रिंगा!” ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि “पोचलीय,” म्हणून उमाला मोठ्यानं सांगितलं. तिनं डोळे पुसले. मग खाली बघत म्हणाली, “स्वयंपाकघरातून रिंग ऐकू येत नाही मला. दिवाळीपासून. इथला पडदा उजळलेला दिसला की कळायचं. आज चूल सोडून फोनपाशी येऊन बसायला उशीर झाला.”

मला लाज वाटली. पस्तीस वर्षं मुलांना पक्ष, साध्य, सिद्धता शिकवली आणि घरात समोर दिलेला पक्षच मी कधी नीट वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मनस्विनीला बोलावून ती खूण परत करून घेतली. ती चक्रावली. संध्याकाळी गुडघ्याचं निमित्त करून मी फिरायला गेलो नाही. डाव झोपवला आणि पेपर उघडून बसलो.

साडेसातला हाताशीच फोन खणखणला. एक रिंग, दोन रिंगा. मी पेपरातून मान वर केली नाही. पडदा उजळला. उमा पदराला हात पुसत बाहेर आली.

“पोचली हो.”

“हो? मला नाही काही ऐकू आलं.”

“म्हातारे झालात,” ती खुशीत म्हणाली. “उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मीपण दाखवून घेईन, तुम्हाला सोबत म्हणून.”