दोन गुणांचे देणे

माझी पणजी कर्नाटकाच्या सीमेवर, खजुरीपलीकडच्या एका वाडीतील विहिरीवरचे कडुनिंबाचे झाड होती. आजी त्याच झाडाच्या लाकडाचे दार होती, वाडीतल्या चन्नव्वा म्हातारीच्या सासऱ्याच्या घराचे. ते घर पडल्यावर दाराच्या फळ्यांतून जी संदूक झाली, ती माझी आई. कडुनिंबाला कीड लागत नाही. आमच्या घराण्याविषयी मी एवढेच सांगेन, आणि तेवढे पुरेसे आहे.

मित्रांनो, मी वाडीच्या शाळेची जुनी मतपेटी आहे. माझ्यासमोर कुजबुज चालत नाही. मांडी घालून बसा आणि ऐका.

माझा जन्म १९६६ सालचा. तेव्हा आपल्या राज्याचे नाव म्हैसूर होते. शाळेतील नागनाथ गुरुजींचे मत असे होते की, नागरिकशास्त्र केवळ पाठ करून येत नाही. पोहण्यासाठी जसे पाण्यात उतरावे लागते, तसे मत द्यायला शिकण्यासाठी मत द्यावे लागते. म्हणून त्यांनी शाळेचे मंत्रिमंडळ निवडायचे ठरवले आणि पेटीसाठी चन्नव्वाकडे तिची संदूक मागितली.

“मतं काय लुगडी हायेत व्हय, घडी घालून ठेवायला?” म्हातारी म्हणाली. मग स्वतःच संदूक रिकामी करू लागली. “न्या. पण कुलूप दणकट लावा, गुरुजी. आपल्या गावात लुगडी चोरीला जात न्हाईत, मतं जात्यात.”

गुंडाप्पा सुताराने आईच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवले. झाकणात फट पाडताना त्याने दहा वेळा माप घेतले. चिठ्ठी आत जावी, पण हात जाऊ नये, एवढीच ती असावी, असे तो म्हणे. राज्यकारभाराविषयी याहून शहाणे वाक्य मी पुढे बेंगळूरलाही ऐकले नाही.

पहिल्याच निवडणुकीत एकतीसपैकी तेवीस मते पिराजीच्या कोंडाबाईला पडली. पिराजी मजुरी करी. त्याच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि लेकीने शिकून शिक्षिका व्हावे हा त्याचा ध्यास होता. सातवीतली ही मुलगी शाळेची मुख्यमंत्री झाली. तिचा पहिला ठराव एका ओळीचा होता: शाळेत पाण्याचा माठ एकच राहील. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी वेगळा ठेवलेला दुसरा माठ त्याच दिवशी आत गेला, तो पुन्हा बाहेर आला नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना माझे लाकूड आजही आखडते.

त्या काळी आपल्या राज्याचे नागरिकशास्त्राचे मराठी पुस्तक आमच्या वाडीपर्यंत पोचत नसे. गुरुजी उमरग्याच्या बाजारातून सीमेपलीकडचे पुस्तक आणून शिकवत. त्यात छापलेले असे: आपले राज्य महाराष्ट्र, राजधानी मुंबई. आपले राज्य म्हैसूर, राजधानी बेंगळूर, ही दुरुस्ती गुरुजींनी वर्गात एकदा तोंडी सांगितली. पुस्तकांत मात्र करून घेतली नाही. नेमक्या त्या पंधरवड्यात कोंडाबाई आईबरोबर सुगीला गेली होती.

सातवीच्या सरकारी परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न आला: आपल्या राज्याचे व राजधानीचे नाव लिहा. कोंडाबाईने पुस्तकातले उत्तर वळणदार अक्षरात लिहिले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागत. तिला तेहतीस पडले. चावडीवर लोक म्हणाले, “शाळेची मुख्यमंत्री, अन् राज्यच हुकलं.”

पिराजी लेकीला घेऊन शाळेत आला. त्याने आवाज चढवला नाही. “गुरुजी, पोरीनं पुस्तकातलंच लिवलं. मग चुकलं कोन?”

गुरुजींची मान खाली गेली. कोंडाबाई म्हणाली, “घरी मराठी, बाजारात कानडी, पुस्तकात मुंबई. आपुन हाव तरी कोणत्या राज्यात, गुरुजी?”

“चुकलो मी,” गुरुजी म्हणाले. त्यांनी मतदानाची एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिले आणि मोठ्याने वाचले: “कोंडाबाई पिराजी हिचे दोन गुण देणे. नागनाथ.” ती घडी त्यांनी माझ्या फटीत टाकली. “पोरी, तुझ्या हातानं तू हिच्यावर ‘भरून पावले’ लिहीपर्यंत हे देणं फिटणार न्हाई.”

कोंडाबाई पुन्हा परीक्षेला बसणार होती. पण त्याच उन्हाळ्यात तिची आई वारली. दोन लहान भावंडे पदरात पडली, आणि पुढे हुमनाबादजवळच्या एका गावी तिचे लग्न झाले. चिठ्ठी माझ्याकडे राहिली.

आपल्या राज्याच्या मराठी पुस्तकासाठी गुरुजींनी शिक्षणखात्याकडे अर्ज केले. उत्तर आले की ही एका शाळेची अडचण दिसते. तेव्हा ते चिटगुप्प्याच्या कन्नड शाळेतील कल्लप्पा मास्तरांकडे गेले. मला बसच्या टपावर बांधले होते. कल्लप्पा मास्तरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आमच्या पुस्तकात राजधानी बरोबर हाय, गुरुजी. पोरं घडाघडा म्हनत्यात. पण पंचायतीत उभं राहून एक प्रश्न इचार म्हना, जीभ टाळूला चिकटायलीय. तुमची पोरं दोन गुणांत नापास, आमची जलमभर.”

तिथून हे काम एका भाषेचे उरले नाही. मला पाच वर्षे गावोगाव फिरवले. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू शाळांतील मुलांनी नागरिक म्हणून पडलेला एकेक प्रश्न माझ्यात टाकला. पंचायतीचा पैसा कुठे जातो, हे आम्हाला विचारता येते का? विहिरीवर आमची घागर शेवटी का? माझी आई अंगठा लावते, तिचे मत लहान असते का? अक्षरे चार लिप्यांची होती; प्रश्न मात्र एकमेकांचे सख्खे भाऊ होते. बेळगाव, कारवार, कोलारच्या शिक्षकांनी आपापल्या मुलांचे प्रश्न टपालाने धाडले. सर्वांनी मिळून एकच निवेदन लिहिले: प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत आपल्याच राज्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक शाळेत निवडणूक व्हावी आणि मुलांना ग्रामसभेत नेऊन बसवावे.

१९७२ साली बेंगळूरला पाठ्यपुस्तकांच्या सरकारी समितीपुढे मला टेबलावर ठेवले गेले. लिंगराज नावाचे अधिकारी चिठ्ठ्या वाचू लागले. अर्ध्या तासाने त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एक चिठ्ठी उलटसुलट करून त्यांनी विचारले, “हा कुठला प्रश्न?”

“तो प्रश्न न्हाई, साहेब,” गुरुजी म्हणाले. “ते माझं देणं आहे.” आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. लिंगराजांनी ती चिठ्ठी घडी करून स्वतःच्या हाताने मला परत दिली.

सगळे मिळाले असे मी म्हणणार नाही. खोटे बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. ग्रामसभेची मागणी फेटाळली गेली. शाळेतील निवडणुकीला आठवड्याचा एक तास मिळाला. मराठी पुस्तक दोन वर्षांनी आले, तोवर राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले होते आणि छापील पानावर म्हैसूरच होते. शाळा हसली. गुरुजी हसले नाहीत. या वेळी त्यांनी प्रत्येक पुस्तकात शाईने दुरुस्ती करून घेतली, आणि जी मुले त्या दिवशी आली नव्हती, त्यांच्या घरी ते स्वतः गेले.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. माझे कौतुक करणारे पांगले. मला कोठीत ठेवले, माझ्यात फुटक्या पाट्या आणि खडूचे तुकडे भरले. एका पावसाळ्यात कोंबडीने माझ्यावर ठाण मांडले. हे मी निमूट सोसले. तळाशी चिठ्ठी होती, तिला कीड लागली नाही.

१९८४ साली कोठीचे दार उघडले. तिशी ओलांडलेली एक बाई वाकून माझ्यातील पाट्या एकेक काढू लागली. दारात नागनाथ गुरुजी काठी टेकून उभे होते. ती कोंडाबाई होती. तिच्या सासरी अंगणवाडी निघाली होती आणि सेविकेसाठी सातवी उत्तीर्ण असावे लागत होते. तिने माहेरच्या शाळेतून शाईने दुरुस्त केलेली एक जुनी प्रत नेली होती आणि आपल्याच लेकीच्या वयाच्या मुलींच्या रांगेत बसून परीक्षा दिली होती.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मतपेटीचा उपयोग अडगळीला करू नका. चूक दिसली तर ती नुसती सांगू नका, पानावर दुरुस्त करा. आणि त्या दिवशी वर्गात कोण नव्हते, ते विचारा.

कोंडाबाईने गुणपत्रक गुरुजींच्या हाती दिले. नागरिकशास्त्राचे गुण एकसष्ट होते.

“तो प्रश्न आला होता?” गुरुजींनी विचारले.

“आला होता की.”

“मग काय लिवलंस?”

“कर्नाटक. बेंगळूर.”

गुरुजींनी खिशातले पेन काढून पुढे केले. कोंडाबाईने माझ्या तळातील चिठ्ठी उलगडली, माझ्या झाकणावर ठेवली आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिले: “भरून पावले.”