ओल्या बोटावरचा आकडा

द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी चैतालीचं बोट तांब्याच्या भांड्यातल्या तीर्थात बुडवलं आणि तसंच ओलं धरून सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा उमटला, एकशे चार!

"सात वर्षांची साखर तीन आठवड्यांत पळाली!" महाराज गरजले. "झोपलेलं स्वादुपिंड जागं केलंय आम्ही. आता इन्सुलिन कशाला? आणि पोरगी बघा, कशी शेलाटी झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सविताताईंनी डोळ्यांना पदर लावला. एकोणीस वर्षांची त्यांची लेक खरंच बारीक झाली होती. घरी येऊन त्यांनी तिला ओवाळलं आणि इन्सुलिनची इंजेक्शनं बंद केली.

चौथ्या दिवशी चैतालीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. दवाखान्यात साखर निघाली पाचशे चाळीस.

"मशीन बिघडलंय," सविताताई म्हणाल्या. "चारच दिवसांपूर्वी तर एकशे चार होती."

"बोट कोरडं होतं?" डॉक्टर ललित यांनी विचारलं.

"नाही. तीर्थात बुडवलेलं."

"मग रक्तात पाणी मिसळलं, म्हणून आकडा उतरला. साखर होती तिथेच होती, ताई."

"पण ती बारीक झाली ना!"

"इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. तिचं शरीर स्वतःलाच जाळत होतं."

दोन दिवसांनी चैताली शुद्धीवर आली.

"आई, महाराजांच्या आधीपासूनच मी इंजेक्शन चुकवत होते. घेतलं की अंग भरायचं. तू म्हणायचीस, हिला कोण पसंत करणार? मग कधी उपाशी राहायचे, कधी डबाच्या डबा संपवायचे. स्वतःची किळस यायची गं. सांगणार कुणाला?"



पुढच्या गुरुवारी त्या मीटर घेऊन हॉलमध्ये गेल्या. निफाडचे रावजी नुकतेच ओल्या बोटाने 'बरे' झाले होते, आकडा एकशे अठरा. सविताताईंनी त्यांचं बोट पदराने कोरडं पुसलं आणि पुन्हा टोचलं. तीनशे सेहेचाळीस.

"श्रद्धा नसली की असंच होतं!" महाराज ओरडले.

"श्रद्धा होती म्हणूनच माझी पोर मरायला टेकली." सविताताई लोकांकडे वळल्या. "बोट यांनी ओलं केलं. पण पोर झिजत होती आणि तिला ओवाळलं मी. अजून ताटावर बसली की रडते ती. मनाच्या डॉक्टरांकडेही नेतेय आता. हात जोडते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका. आणि मूल बारीक झालं तर कौतुक करण्याआधी त्याला विचारा, बाळा, तुला काय होतंय?"

टाळी कुणीच वाजवली नाही. रावजींनी खिशातून रुमाल काढला आणि दुसरं बोट नीट पुसून मीटरपुढे धरलं.