हँडलाला बांधलेली चिंधी

त्या चिंधीला आग लागो! आता तोंड उघडलंय तर सगळंच सांगते.

दुष्काळात आमी सांगोला सोडून सोलापुरात आलो. माझे धनी तितल्या चनबसप्पा कारखानदाराकडं माग चालवायचे, मी तितंच सुताच्या कांड्या भरायची. सगळ्या मागांना मिळून एकच मोटार. वर लांब दांडा फिरायचा, त्याच्यावरनं मागामागाला पट्टा. मोटारीच्या स्टार्टरला हँडल हुतं. लाईट असली की आतली तारेची गुंडाळी चुंबक हुऊन त्याला वर धरायची. लाईट गेली की हँडल खटकन खाली. मग लाईट आल्यावर कुणीतरी मागावरनं उठून ते उचलायचं. लाईट तर दिवसभर जायची-यायची. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, उठनार कोन? विणकरांनी चादरीच्या काठाची चिंधी घेतली आन् हँडल वरच बांधून टाकलं. लाईट आली की माग आपोआप सुरू. सगळे खूश!

वायरमन गैबीसाब आला की चिंधी कापायचा. "अरे, ते पडतंय ते तुमच्या जिवासाठीच पडतंय की," म्हनायचा. त्याची पाठ वळली की दुसरी चिंधी.

एक दिवस लाईट गेली. धन्यांच्या मागाचा पट्टा निसटला हुता. तो चढवायला त्यांनी हात घातला आन् लाईट आली. उजवा हात कोपरापासनं गेला. मी कांड्या टाकून धावले. जे बगितलं ते देवानं वैऱ्यालाबी दावू नये.

कारखानदारानं मेहेरबानी केली म्हने. धन्यांना स्टार्टरपाशी स्टुलावर बसवलं. लाईट आली की हँडल उचलायचं, एवढंच काम. मला वाटलं, चला, आता तरी चिंधी सुटली. जळ्ळं मेलं माझं नशीब!

काल लाईट गेली. माझ्यासंगं कांड्या भरनारी कमरबी मागाखाली वाकून सुताचा कचरा काढत हुती. मी स्टार्टरकडं बगितलं, तर धनी डाव्या हातानं आन् दातानं चिंधीची गाठ आवळत हुते.

"अवो, काय करताय हे?"

"उशीर झाला की शिव्या देत्यात गं विणकर."

मी धावले, चिंधी वढून तोडली. हँडल पडलं. तेवढ्यात लाईट आली. दिवे लागले, माग गप्प. कमरबी भाईर येईस्तवर मी हँडलापुढनं हलले न्हाय. ती उठली, पदर झटकला, तिला काय ठावं! विणकर बोंबलाय लागले. सगळ्यांच्या आदी वरडले ते आमचे धनीच.

"भवाने, माझं काम घालवतीस व्हय? सर बाजूला!"