चाळीस किलोंची बॅग

गनी दर दोन वर्षांनी दोह्याच्या नोकरीवरून राजिवड्याला घरी येई, आणि तिसऱ्या दिवशी त्याची बॅग उघडली जाई. नातलग भिंतीला टेकून बसत. अत्तर, ब्लँकेट, चॉकलेट, टॉर्च ज्याच्या त्याच्या मांडीवर जाई. आणि गनीच्या चेहऱ्यावर दात्याचं एक थकलेलं तेज पसरे. पहिल्या सुट्टीत तर ती बॅग त्याने उसन्या पैशांनी भरली होती. ते फेडण्यासाठी तो परत गेला, आणि मग जातच राहिला. एकोणीस वर्षं.

त्याच्या बायकोची, सुरय्याची, मोजणी वेगळी होती. पैसे आले की बाजाराची पिशवी उचलण्याआधी ती त्यांतला तिसरा हिस्सा बाजूला काढी. किती साठले, हे ती रुपयांत नव्हे, महिन्यांत सांगे. "तुमचा पगार थांबला तर चार महिने निघतील." पुढे कधीतरी, "दीड वर्ष." ऐकताना गनीला वाटे, समुद्रापलीकडे कुणी आपल्यासाठी वेळ विणत बसलं आहे.

यंदा ती फोनवर म्हणाली, "महिने मोजायचे थांबवलेत मी. लांज्याला घेतलेल्या दोन गाळ्यांचं भाडं आणि म्युच्युअल फंडातून दरमहा येणारे पैसे, यांत घर चालतं. आहोत तसे राहिलो तर."

"तसे म्हणजे?"

"बॅग न भरता. एका बॅगेत आपले सात महिने जातात."

"लोक म्हणतील, गनी बुडाला," तो म्हणाला. सुट्टीवर निघण्याआधी त्याला नव्या करारावर सही करायची होती. करणार की नाही, हे त्याने सांगितलं नाही. विचारण्याचा धीर तिला झाला नाही.

तो आला तेव्हा बॅग नेहमीसारखीच फुगलेली होती. दोन दिवस सुरय्या तिच्याकडे न पाहता घरात वावरली. तिच्या लेखी त्या कुलपात पुढची दोन वर्षं बंद होती.

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. गनीची थोरली बहीण, आपा, सर्वांत पुढे.

"उघड की रे आता. शेखला फोन करून विचारायचंय काय?"

गनीने कुलूप काढलं. आत एक उशी होती. कामाचे बूट, स्टीलचं ताट, तळ काळवंडलेलं चहाचं भांडं.

"हे काय? भंगार आणलंस?"

"माझं सामान आहे, आपा. तिथल्या खोलीतलं. तिथे आता माझं काही राहिलं नाही."

सुरय्याने उशी उचलली. अभ्र्यावर तिनेच पहिल्या वर्षी भरलेली निळी वेल होती. धुऊन धुऊन तिचा रंग खाडीच्या संध्याकाळच्या पाण्याइतका उरला होता. माणसं समोर होती, म्हणून तिने ती छातीशी धरली नाही. तिच्यावरची एक सुरकुती मात्र ती हाताने पुन्हा पुन्हा सपाट करत राहिली.

"म्हणजे आम्हांला काहीच नाही?" आपाने विचारलं.

"मी आहे ना. रोज चहाला येईन."

"तीन चमचे साखर घेतोस तू. मलाच महागात पडशील." आपाचा आवाज ओलावला होता. मग तिने बोट दाखवलं. "बॅग तरी दे. चाकं चांगली आहेत."

गनीने सुरय्याकडे पाहिलं.

"न्या, आपा," ती म्हणाली. "आम्हांला आता ती लागायची नाही."

गल्लीतून चाकांची खडखड निघाली. एकोणीस वर्षं हा आवाज दूर जाताना सुरय्या दारात एकटी उभी राहिली होती. आज तो वळणापाशी विरेपर्यंत गनी तिच्या शेजारी उभा होता, चहाचं भांडं काखेत धरून.