आभार मानून झाल्यावर

अकपेनेचा डावा हात सुजला होता आणि ती तो कापडाच्या पदराखाली लपवत होती. घानातल्या केटाच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी एकाच आवारात मासे धुरावर सुकवतो. माझ्यापासून काय लपणार?

"भट्टीची धग लागली," ती म्हणाली.

"धग काय एकाच हाताला लागते? मला का नाही लागत?"

"तू तोंडानेच जास्त काम करतेस म्हणून."

हसू आलं, पण त्याहून जास्त राग आला. दोन वर्षांपूर्वी राजधानीत, अक्राच्या इस्पितळात, गाठीपायी तिचा डावा स्तन काढला होता. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. ही एकदाही गेली नाही. आमच्याकडे मोठ्या दुखण्यातून उठलेलं माणूस पांढरं कापड नेसतं आणि सगळं गणगोत मागे घेऊन चर्चमध्ये नाचत आभार मानायला जातं. अकपेनेही नाचली. एकदा आभार मानले की दुखणं संपलं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. त्यानंतर दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे देवाला खोटं पाडायचं.

त्यात काफुईआजी. चर्चमधल्या बायकांची पुढारी. देवाच्या घरचा कारभार आपल्याच हाती असल्यासारखी वागते. अकपेनेला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच.

"आणि गाठ परत आली असली तर?" मी विचारलं.

अकपेनेने माशांची जाळी खाली ठेवली. "तेच ना. गेले नाही तर निदान कळणार तरी नाही."

मला रडूच आलं. "मूर्ख आहेस," मी ओरडले. "तुझं मढं सजवायला लावणार आहेस का मला?"

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण रविवारी चर्चमध्ये, कुणाला काही मागणं आहे का असं विचारलं, तेव्हा उठून उभी राहिली.

"माझा हात सुजलाय. मंगळवारी अक्राला तपासायला जातेय. प्रार्थना करा."

बाहेर पडल्यावर काफुईआजीने गाठलंच.

"देवाने दिलेलं चाचपून बघतेस होय गं? बाजारातल्या टोमॅटोसारखं?"

"आजी, देवाचं काही बिघडलेलं नाही," मीच म्हटलं. "हात हिचा सुजलाय."

मंगळवारी अक्राला जाणाऱ्या ट्रोट्रो गाडीत दाटीवाटीने चढलो, तर पुढच्या बाकावर काफुईआजी! "लेकाकडे चाललेय," ती तोंड फिरवून म्हणाली. इस्पितळाच्या फाटकाशी आमच्या मागोमाग उतरलीसुद्धा. लेक म्हणे इथूनच न्यायला येणार होता. ही बया काही पाठ सोडत नाही, असं मनात आलं.

नवी गाठ नव्हती. मी तिथेच देवाचं नाव घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, ऑपरेशनात काखेतल्या ग्रंथी काढल्या की कधीकधी हातात असं पाणी साचतं. वेळेवर आली असतीस तर एवढा फुगला नसता. पट्टी बांध, सांगते तो व्यायाम कर, भट्टीपासून लांब राहा.

"भट्टी सोडून खाऊ काय?" अकपेने म्हणाली.

"भट्टी मी बघते, तू बाजारात बसून विक," मी म्हटलं. "आता तोंडाचं काम तुझं."

बाहेर आलो, तर काफुईआजी बाकावर तशीच बसलेली.

"लेक आला नाही वाटतं?" मी खवचटपणे विचारलं.

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. अकपेनेचा चांगला हात धरला आणि हळूच विचारलं, "तपासताना दुखतं का गं?"

"नाही, आजी."

"मी आभार मानले त्याला पंचवीस वर्षं झाली. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही." तिने दुसरा हात छातीवर ठेवला. "आता या बाजूलाही गाठ लागतेय हाताला. कुणाला सांगू?"

अकपेनेने तिला धरून उठवलं, आणि आम्ही तिघी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो.