डनकॅरी कुणाची?

‘हक्काची पेटी’ या ऑनलाइन गटात नऊ हजार माणसं होती आणि नऊ हजारांचं दुःख एकच होतं. पैसे मोजून घेतलेला सिनेमा, गाणं, पुस्तक, काहीही असो, इंटरनेटवरचा दुकानदार मनात येईल तेव्हा परत काढून घेतो. या एका मुद्द्यावर त्यांची एकी होती. बाकी कुणाची आवडनिवड समोर आली की सगळे एकमेकांच्या उरावर बसायचे. देशाच्या दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरातल्या रिपेकाने फेब्रुवारीत तिथे दोन ओळी लिहिल्या. ‘डनकॅरी’ मालिकेचे अकराही सीझन आपण ‘विकत घ्या’ हे बटण दाबून घेतले होते, दुकानाने ते काढून घेतले, तर आता काय करता येईल?

दोन दिवसांत चारशे उत्तरं आली. काय करता येईल हे त्यातल्या दहा जणांनीसुद्धा सांगितलं नाही. ‘पैसे देऊन घेतली होती? डनकॅरी?’ ‘दुकानाने उपकार केलेत, फुलं पाठवा.’ ‘त्या मालिकेत माणसांपेक्षा घोडे बरा अभिनय करतात.’ हे शेवटचं वाक्य ॲलिस्टर पर्डीचं. डनिडनमधल्या याच गृहस्थाने गट काढला होता. मालकी हक्काचा कायदा त्याला तोंडपाठ होता आणि दुसऱ्याच्या आवडीचे वाभाडे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घोड्यांच्या वाक्यावर सहाशे लोक हसले.

रिपेका हसली नाही आणि रडलीही नाही. एकसष्ट वर्षांची ही बाई मार्चपासून कालवांच्या शेडमध्ये उभी राहून सुरीने शिंपले उघडते. एप्रिल लागला की रजा टाकून घरच्यांबरोबर टीटी नावाचे समुद्रपक्षी खाण्यासाठी धरायला वाडवडिलांच्या हक्काच्या बेटावर जाते. बेटावर वीज जनरेटरची, पाणी पावसाचं, आणि नेटवर्क औषधालाही नाही. पिसं उपटायला सहा बायका एका खोपटात बसतात. बोटं भरून येतात, पाठीचा काटा ढिला होतो. त्या कामाला सहा वर्षं ‘डनकॅरी’ची सोबत होती. रिपेका घरूनच सगळे भाग टॅब्लेटवर उतरवून न्यायची. मालिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरणीने कुणाशी लग्न करावं यावर खोपटात अशी जुंपायची की शंभर पक्षी कधी साफ झाले ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी नवव्या दिवशी टॅब्लेटचा पडदा काळा झाला. ‘मालकी तपासण्यासाठी नेटवर्कला जोडा.’ भर समुद्रात! उरलेले तीन आठवडे बायका भिंतीकडे बघत पिसं उपटत बसल्या. घरी येऊन टॅब्लेट जोडला, तर मालिकाच गायब. दुकानाचा आणि निर्मात्याचा करार संपला होता म्हणे. रिपेकाला आपल्या घरी चोरी झाल्यासारखं वाटलं, आणि माझं विचाराल तर ती चोरीच होती. दुकानाला आठ महिने पत्रं लिहून झाली, गटात चारशे टोमणे खाऊन झाले, तेव्हा तिने सरळ तंटा लवादात दावा लावला. तिथे वकिलांना मज्जाव असतो. दोन्ही बाजूंनी आपापलं तोंड वापरायचं.

दाव्याची बातमी लागताच ॲलिस्टरचा फोन आला.

“रिपेका, माझं ऐका. दावा मागे घ्या.”

“का रे?”

“आपल्यातल्या एकाचे दोनशे जुने सिनेमे गेलेत. कृष्णधवल, दर्जेदार, जगभर नावाजलेले. आधी त्याला जाऊ दे. तुमची मालिका ऐकून पंच हसतील. पेपरात आलं तर सगळ्या चळवळीचं हसं होईल.”

“म्हणजे चोरी कुणाच्या घरी झाली ते आधी बघायचं, मग चोर धरायचा?”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे. सोनं गेलं तर फिर्याद, पितळ गेलं तर गप्प बसा.”

“मी पितळ म्हणालो नाही.”

“नाही. तू घोड्यांबद्दल म्हणालास. वाचलंय मी. दावा राहील.”

इन्व्हरकार्गिलमधली लवादाची खोली शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीसारखी होती. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग. पंचबाई एल्स्पेथ ड्रमंड चष्म्यावरून बघणाऱ्या. दुकानाचा व्यवस्थापक ब्रेंट ऑकलंडहून फोनच्या स्पीकरवर.

“बटणाखाली पहिल्या दिवसापासून ओळ आहे, मॅडम,” ब्रेंट म्हणाला. “‘उपलब्ध असेपर्यंत’. ग्राहक वाचत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?”

“नव्हती,” रिपेका म्हणाली. “मी घेतली तेव्हा ती ओळ नव्हती. पावतीवर तर चक्क ‘आता ही तुमची झाली’ असं होतं.”

“पावती आहे?” पंचबाईंनी विचारलं.

इथेच घोडं अडलं. रिपेकाचा जुना ईमेल ज्या कंपनीचा, ती कंपनी गुंडाळली गेली आणि पावत्याही तिच्याबरोबर गेल्या.

“मग त्या काळातल्या दुसऱ्या कुणाच्या आणा,” पंचबाई म्हणाल्या. “एकच नको, एक कुणीही घरी बसून बनवेल. पाच-सहा आणा. नावानिशी, आणि ती माणसं फोनवर माझ्याशी बोलायला तयार हवीत. सत्तावीस मार्चला.”

तीस मार्चला बेटाची बोट होती.

रिपेकाने गटात विचारलं, त्या वर्षांत ‘डनकॅरी’ कुणी घेतली होती? पावती हवी आहे, नावासकट. आणि काय सांगू, नऊ हजार तोंडांचा गट, एरवी कुणी शिंकलं तरी चाळीस प्रतिक्रिया, तो एकदम मौनात गेला. एकाने लिहिलं, सासूने घेतली होती, पण ती वारली. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या मांजरीचा पाय बटणावर पडला होता, आम्ही लगेच रद्द केली. तिसऱ्या एकीला नवऱ्याने वाढदिवसाला दिली होती, तिने उघडलीसुद्धा नव्हती. मालिका अकरा वर्षं चालली आणि बघणारा एकही नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

पाचव्या दिवशी ॲलिस्टरचा पुन्हा फोन. आवाज जरा खाली.

“माझ्या एका मित्राकडे पावती आहे. ‘आता ही तुमची झाली’ असंच लिहिलंय तिच्यावर. बटणाखाली ती ओळ नव्हती, त्याचा फोटोही आहे. फक्त नाव काळं करून देईल.”

“मित्राला पुढे यायला काय झालं?”

“त्याचं चारचौघांत नाव आहे.”

रिपेकाने कालवाची सुरी पुसून बाजूला ठेवली. “बरं, तुझ्या मित्राला सातव्या सीझनमधलं लग्न आवडलं का रे?”

“लग्न झालंच नाही तिथे! ती चर्चच्या दारातून परत फिर...” ॲलिस्टर थांबला.

मग रिपेका म्हणाली, “टीटी खाल्लायस कधी?”

“एकदा. वास आठवडाभर पडद्यांतून गेला नाही.”

“जाणारच नाही. मासळी आणि चरबी एकत्र उकळल्यासारखा असतो. आम्ही पातेलं चढवलं की माझा सख्खा जावई गाडी काढून पळतो. अर्धा देश नाक मुरडतो आमच्या पक्ष्याला. पण तुमच्या पक्ष्याला वास येतो, तेव्हा बेट तुमचं नाही, असं म्हणायची आजवर एकाचीही छाती झाली नाही. चव ज्याची त्याची. बेट आमचं ते आमचं.”

“नऊ हजार लोक आहेत, रिपेका. मी त्यांना काय काय बोललोय गेली आठ वर्षं.”

“तूच शिकवलंस ना त्यांना, घेतलेलं ते आपलं म्हणून? चांगलं असेल तरच आपलं, असं त्यात कधी लिहिलं होतंस?”

रिपेकाने सुरी पुन्हा हातात घेतली.

“तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही,” ती म्हणाली. “पण काळं फासलेली पावती पंचबाईंना चालत नाही.” आणि तिने फोन ठेवला.

ठेवला खरा, पण तिचा धीर खचत चालला होता. रिकाम्या हाताने त्या खोलीत जायचं, स्पीकरमधून ब्रेंटचा गोड आवाज ऐकायचा आणि मान खाली घालून परत यायचं, हेच चित्र शिंपले उघडताना तिच्या डोळ्यांसमोर येई. तरी रजेच्या अर्जावर तिने सत्तावीस तारीख घातलीच. हरायचं तर खोलीत बसून हरू, घरी बसून नाही, असं तिने ठरवलं होतं.

दोन दिवसांनी शेडमध्ये शेजारची मुलगी ओरडली, “आंटी, तुमच्या खिशात मधमाश्या शिरल्यात का? केव्हाचं गुणगुणतंय!”

रिपेकाने हातमोजा काढून फोन पाहिला. ॲलिस्टरने गटात सगळ्यात वर लिहिलं होतं:

‘‘डनकॅरी’चे अकराही सीझन मी विकत घेतलेत. स्वतःसाठी घेतलेत. सासूसाठी नाही आणि मांजरीसाठीही नाही. दोनदा बघितलेत. ते घोड्यांचं वाक्य मला चौथा सीझन दुसऱ्यांदा बघताना सुचलं होतं, आणि रिपेकाची मी त्याबद्दल माफी मागतो. सोबत माझी पावती, नाव-पत्त्यासकट. ज्यांच्याकडे आहे त्यांनी उद्यापर्यंत पाठवा.’

पहिला तासभर त्याची यथेच्छ धिंड निघाली. आठ वर्षांचं उट्टं लोकांनी व्याजासकट काढलं. मग एका नर्सने आपली पावती टाकली. मग एका ट्रकवाल्याने. मग मांजरवाल्याने, मांजरीचा उल्लेख गाळून. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट पावत्या झाल्या, आणि त्यांतली एक दोनशे कृष्णधवल सिनेमेवाल्याची होती. रिपेका शेडच्या पायरीवर बसून एकेक नाव वाचत राहिली आणि मोठमोठ्याने हसत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही.

सत्तावीसला पंचबाईंनी त्रेसष्टांपैकी सहा जणांना फोन लावले. ॲलिस्टरची पाळी आली तेव्हा ब्रेंटने मध्येच विचारलं, “घरच्या कुणासाठी घेतली असेल ना, सर?” पळवाट चांगली रुंद होती.

“नाही,” ॲलिस्टर म्हणाला. “मला आवडते.”

ब्रेंटने थोडा वेळ मागितला, स्पीकर मुका केला, आणि परतला तो मऊ होऊन. “रक्कम पूर्ण परत. वर कुठल्याही अकरा मालिका निवडा, आमच्याकडून भेट. पुरस्कार मिळालेल्या आहेत. खरं सांगतो, याच्यापेक्षा कितीतरी चांगल्या.”

“असतील चांगल्या. माझ्या नाहीत त्या.”

“मग तुम्हाला नेमकं काय हवंय?” पंचबाईंनी विचारलं.

“‘डनकॅरी’. सगळे भाग एका डिस्कवर. नेटवर्क नसताना, कुणाला न विचारता चालतील असे. बोट सुटायच्या आत.”

स्पीकर पुन्हा मुका झाला. मग ब्रेंट म्हणाला, “मान्य. डिस्क परवा तुमच्या दारात. फक्त ‘ग्राहकाच्या हयातीपर्यंत’ एवढं लिहू या.”

पंचबाईंनी ते लिहून घेतलं आणि कागद रिपेकासमोर ठेवला. तिने मागितलेलं सगळं त्यात होतं. दुसरं कुणी असतं तर डोळे मिटून सही केली असती.

“हे नको,” रिपेका म्हणाली, आणि ‘हयातीपर्यंत’वर बोट ठेवलं.

“बाई, त्याने तुम्हाला काय फरक पडतो?” ब्रेंट वैतागला.

“मला काय पडणार? मेल्यावर मी बघायला येत नाही. पण माझी असेल तर ती मला माझ्या नातीला देता आली पाहिजे. देता येत नसेल तर ती तुमचीच. मी फक्त सांभाळत बसले म्हणायचं.”

ब्रेंटला हसू आवरलं नाही. “तुमच्या नातीला ‘डनकॅरी’ कशाला हवी असेल हो?”

“नसेल हवी. वाटलं तर समुद्रात फेकून देईल,” रिपेका म्हणाली. “पण फेकेल ती. तुम्ही नाही.”

पंचबाईंनी कागद परत ओढून घेतला, ‘हयातीपर्यंत’ खोडलं, आणि पेन तिच्या हातात दिलं.